बाबासाहेबांचा ठराव आम्ही विसरलो काय?

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या आठवणीसाठी दरवर्षी खानदेशातला समाज तिथे जमतो. मात्र पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला आणि त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? तो ठराव फेटाळला गेला. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हा त्यांचे वकीलही बाबासाहेबच होते.

आज काय चित्र आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आहे. पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. निरोधचा वापर १० टक्क्यांच्याही आत. म्हणजे बाळंतपणही तिचेच आणि ऑपरेशनही तिचेच! हा घरातला मनुवाद नव्हे काय?

शस्त्रक्रियेने गर्भ राहत नाही, पण रोग थांबत नाही. निरोध वीर्य अडवतो, म्हणून गर्भधारणा टळते; शरीरस्रावांचा संपर्क तोडतो, म्हणून एचआयव्ही आणि परमा यांना आळा बसतो. त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या जननांगांवरील हर्पिससारख्या गुप्तरोगांपासून संरक्षण कमी मिळते, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक वेळी नवा वापरावा, मुदतीची तारीख पाहावी, तेल लावू नये. नीट न वापरल्यानेच तो बहुधा फसतो.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूर रस्ता पुढे जळगावातून जातो. आमचे भाऊ या रस्त्यांवर ट्रक चालवतात, आमची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या कष्टकऱ्याला उपदेश नको, माहिती हवी. निरोध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. एचआयव्हीची तपासणीही सरकारी रुग्णालयात मोफत होते. १०९७ या क्रमांकावर सल्ला मिळतो. बाधितांशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. अस्पृश्यता भोगलेल्या समाजाने तरी नवी अस्पृश्यता पाळू नये.

लांडोर बंगल्यावर येत्या ३१ जुलैला पुस्तकांच्या दुकानाशेजारी आरोग्य माहितीचे एक टेबल मांडा, कार्यकर्त्यांनो! आणि त्यावर बायकांना नव्हे, आधी पुरुषांना बसवा.