कुत्र्यासाठी फळांचा भाजका खाऊ

आपल्याकडे कुत्र्याला खाऊ द्यायचा म्हटलं की हात आपोआप ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. चहाच्या टपरीवर तेच, सोसायटीच्या फाटकापाशी तेच आणि घरातही तेच. त्या बिस्किटात मैदा, पामतेल आणि वजनाच्या जवळपास पाव भाग साखर असते. शंभर ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास कॅलरी पडतात. कुत्रा ते आवडीने खातो, कारण गोड चव त्याला खरोखरच कळते. मांजराला ती कळत नाही, कारण गोडी ओळखण्यासाठी लागणारं एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे. कुत्र्यात ते शाबूत आहे. म्हणूनच साखरेचा कण न घालता, नुसत्या फळाच्या गोडीवर भाजलेलं बिस्किटही त्याला चालतं.

कुत्र्याला फळांची गरज मात्र नाही. क जीवनसत्त्व त्याचं यकृत स्वतःच तयार करतं, आणि बाकीचं पोषण त्याच्या रोजच्या नीट जेवणातून मिळायला हवं. खाऊतल्या फळाने चव येते, वास येतो, थोडे तंतू मिळतात आणि पीठ बांधलं जातं, एवढंच. घरच्या खाऊचा चांगुलपणा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. त्यात काय घातलेलं नाही, आणि तुकडा केवढा आहे. ही दोन उत्तरं पक्की झाली की पाककृती आपली आपण बसवता येते.

आधी पिठाबद्दल, कारण कुत्रा हा मांस खाणारा प्राणी आणि त्याला कणीक कशाला, असा प्रश्न हमखास येतो. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली. जहाजावरची कडक बिस्किटं बंदरातले कुत्रे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्या बिस्किटांतही गहू, बीट, भाज्या आणि मांस होतं. त्यामागचं शास्त्र पुष्कळ नंतर कळलं. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र त्या कितीतरी जास्त सापडल्या. माणसाच्या वस्तीत राहून, माणसाचं उष्टं खाऊन कुत्रा भाकरी पचवायला शिकला. पण त्याच्या लाळेत हे एन्झाइम जवळजवळ नसतं. पिष्टाचं सगळं पचन पुढे लहान आतड्यात होतं, आणि तेही पीठ नीट शिजलेलं असेल तरच सुरळीत होतं. पिठातले पिष्टाचे कण पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाल्यावर फुगतात, मऊ होतात. कोरडं पीठ घाईने भाजलं तर वरून खमंग लागतं आणि आतले कण कच्चे राहतात. यासाठी पीठ थोडं ओलसर भिजवायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, आधी शिजवायचं आणि मग सुकवायचं.

आता काय घालायचं नाही ते. इथे मी रेंगाळणार आहे, कारण खाऊ करताना घात होतो तो इथेच.

सगळ्यात वर द्राक्षं, मनुका आणि बेदाणे. नाशिकची द्राक्षं आणि तासगावचा बेदाणा आपल्या घरात वर्षभर असतो. प्रसादाच्या शिऱ्यात, खिरीत, लाडवात मनुका असतात, आणि प्रसाद म्हणून कुत्र्यालाही घास दिला जातो. यातून कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चमत्कारिक भाग असा की एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याच्या थोडक्यातच जीवावर बेततं. याचा उलगडा बराच काळ होत नव्हता. २०२१ साली अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी एक धागा मांडला. क्रीम ऑफ टार्टर घालून घरी केलेली खेळायची माती एका कुत्र्याने खाल्ली होती, आणि त्याची मूत्रपिंडं अगदी द्राक्षाच्या विषबाधेसारखीच बिघडली होती. क्रीम ऑफ टार्टर हा टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि द्राक्षात हेच आम्ल भरपूर असतं. त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतं, त्यामुळे विषबाधेतला लहरीपणाही समजू लागतो. पुढे त्यांनी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच परिणाम नोंदवला. मराठी स्वयंपाकघरात ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. चिंच बिस्किटात कुणी घालत नाही हे खरं, पण चिंचगुळाची आमटी भातावर ओतून कुत्र्याला देणारी घरं थोडी नाहीत. द्राक्षं, मनुका किंवा चिंच पोटात गेल्याचं कळलं तर उलटीची वाट न बघता तडक पशुवैद्याकडे जावं. मूत्रपिंडावरचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात, आणि तोवर उपचारांची चांगली वेळ निघून जाते.

यातूनच बेकिंग पावडरीचाही निकाल लागतो. काही बेकिंग पावडरींत क्रीम ऑफ टार्टर असतं. शिवाय सुक्या बिस्किटाला फुगायची गरजच नसते. यीस्टही नको. यीस्ट घालून भिजवलेलं कच्चं पीठ कुत्र्याने पळवलं तर ते पोटाच्या उबेत फुगतं, आणि त्यातून मद्यार्क तयार होतो.

झायलिटॉल हे नाव लक्षात ठेवा. शुगर-फ्री च्युइंगगम, मिंटच्या गोळ्या आणि काही पीनट बटर यांत हा गोड पदार्थ असतो. वेष्टनावर तो ई ९६७ किंवा बर्च शुगर अशा नावानेही येतो. माणसाला तो निरुपद्रवी आहे. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिनचा लोंढा सुटतो, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, आणि यकृतालाही इजा होऊ शकते. मला तर बाजारचं पीनट बटर या कामाला नकोच वाटतं. आपलं दाण्याचं कूट त्याहून चांगलं. दाणे बिनमिठाचे भाजावेत, आणि खवट किंवा काळपट दाणे निवडून टाकावेत. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, आणि कुत्र्याचं यकृत त्याच्यापुढे फार लवकर हार मानतं.

गोडाधोडात आपला हात सवयीने जायफळाकडे जातो. कुत्र्याच्या खाऊत जायफळ नको, चॉकलेट आणि कोको नको, मीठ, गूळ, साखर नको. तुपाचा हात तर पूर्ण आवरावा. जास्त स्निग्ध खाणं काही कुत्र्यांना स्वादुपिंडाच्या दाहापर्यंत नेतं.

आता चालणारी फळं. सफरचंद चालतं, पण गाभा आणि बिया काढून, कारण बियांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. आंब्याचा गर थोडासा चालतो. साल आणि कोय मात्र लांब ठेवावी. कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. कोकणात आणि उन्हाळ्यात कुठेही, आंबे खाऊन झाले की कोयी उघड्या बादलीत टाकू नयेत. पिकलेली पपई बिया काढून चालते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी देठ काढून चालते. चिकूत साखर फार, म्हणून मी तो वगळते. सीताफळाच्या बियांची पूड गावाकडे उवा मारायला वापरत आले आहेत, त्यामुळे त्या बिया कुत्र्याच्या तोंडाजवळही नकोत.

फळ कोणतं हे ठरवताना गोडीइतकंच त्यातलं पाणी बघावं. केळ्यात सुमारे ७५ टक्के पाणी असतं, सफरचंदात ८५, पपईत ८८, कलिंगडात ९० च्याही वर. कलिंगड पिठात घातलं तर रबरबीत काला होतो. ते बिया काढून, तुकडे करून नुसतं गोठवावं. भाजायला केळं सगळ्यांत सोयीचं, कारण त्याचा गर स्वतःच चिकट असतो आणि त्याचा वास भाजल्यावर आणखी खुलतो. कुत्र्याच्या जिभेवर आपल्यापेक्षा कितीतरी कमी रुचिकलिका असतात, पण नाक अफाट असतं. त्याच्यासाठी खाऊ निम्मा तरी वासाचा असतो. सालीवर ठिपके पडलेलं केळं घ्यावं, पण काळं पडलेलं घेऊ नये. जसजसं ते पिकतं तसतशी त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते.

प्रमाण असं. दीडशे ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम नाचणीचं पीठ, एका मध्यम केळ्याचा कुस्करलेला गर (सुमारे १०० ग्रॅम), एक अंडं आणि तीस ग्रॅम दाण्याचं कूट. पाण्याचा थेंब घालायचा नाही, केळ्यातलं आणि अंड्यातलं पाणी पुरतं. नाचणीत ग्लूटेन नसतं, म्हणून ती निम्म्यापेक्षा जास्त घातली तर बिस्किट भुगा होऊन पडतं. अंडं भाजताना घट्ट होऊन सगळं बांधून धरतं. घरात अंडं चालत नसेल तर लाल भोपळा वाफवून त्याचा घट्ट गर तीन-चार चमचे घालावा. भोपळाही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फळच आहे, आणि साखर त्यात केळ्याच्या पाव भागाइतकी. गव्हाचं वावडं असलेल्या कुत्र्यासाठी ज्वारीचं पीठ घेता येतं, पण मग अंडं हवंच.

गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेसारखा व्हायला हवा. अर्धा तास झाकून ठेवल्यावर पीठ ओलावा पिऊन घेतं आणि चिकटपणा कमी होतो. मग पोळपाटावर सहा-सात मिलिमीटर जाड लाटून, शंकरपाळ्यांसारखे दोन-सव्वादोन सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. शंभरेक तुकडे होतात. हाडाच्या आकाराचे साचे बाजारात मिळतात, पण त्यांतून निघणारं बिस्किट लहान कुत्र्याला मोठं होतं आणि कडेचं पीठ वाया जातं. कुत्रा खाऊचे तुकडे मोजतो, आकार बघत नाही. चार लहान तुकड्यांत त्याला चार वेळा मिळाल्याचं सुख असतं.

ओव्हन १६० अंशांवर तापवावा. १८० वर नेण्याचा मोह टाळावा, कारण फळातली साखर लवकर तांबूस होते आणि आत शिजण्याआधीच कडा करपतात. पंचवीस मिनिटांनी तुकडे उलटून आणखी दहा मिनिटं. इथे बिस्किट शिजलं, पण सुकलं नाही. आता तापमान १०० वर आणून, दार बोटभर उघडं ठेवून तास-दीड तास सुकवावं, म्हणजे वाफ बाहेर पडते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर तिवई आणि ताटली ठेवून, नानकटाई करतात तसं मंद आचेवर भाजता येतं. फक्त शेवटच्या टप्प्यात झाकण किलकिलं करायचं.

सुकलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, वजन करावं. वरच्या प्रमाणात कच्चा गोळा ३८० ग्रॅमच्या आसपास भरतो. पुरतं सुकल्यावर तेच २६० ते २७० ग्रॅमवर यायला हवं. तीनशेच्या वर भरलं तर आत ओल आहे, आणि ओल म्हणजे बुरशी. असं मऊ बिस्किट वाईट नसतं. दात कमजोर झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तेच द्यावं, पण ते फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावं, नाहीतर फ्रीझरमध्ये टाकावं. कडक सुकलेलं बिस्किट पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात दोन आठवडे राहतं. गरम असताना डब्यात भरलं तर झाकणाला घाम येतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात मी दोन आठवड्यांचाही भरवसा देणार नाही. तिथे फ्रीझरच बरा. ठिपका दिसलेला एक तुकडा काढून बाकीचे द्यायचे नाहीत. डबाच रिकामा करायचा.

राहिलं किती द्यायचं ते. पशुवैद्यांचा नियम असा की खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे कॅलरी लागतात. २० किलोच्या गावठी कुत्र्याला साडेदहाशे, ३० किलोच्या लॅब्राडोरला सव्वाचौदाशे. म्हणजे खाऊच्या वाट्याला अनुक्रमे साठ, एकशेपाच आणि एकशेचाळीस. आपल्या पूर्ण घाण्यात सुमारे हजार कॅलरी आहेत, शंभर तुकडे केले तर तुकड्याला दहा. म्हणून १० किलोच्या कुत्र्याला दिवसभरात सहा, २० किलोच्याला दहा, लॅब्राडोरला चौदा. यात घरातल्या प्रत्येकाने दिलेले तुकडे मोजायचे. आजोबांनी चहासोबत दिलेली खारीही त्यातच. सकाळीच दिवसाचे तुकडे एका वाटीत काढून ठेवावेत, आणि वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला असं घरात सगळ्यांना सांगून ठेवावं.

पहिल्या दिवशी मात्र एकच तुकडा द्यावा आणि दोन दिवस शी, खाज आणि कान बघावेत. कान लाल होणं किंवा पंजे सतत चाटणं ही बऱ्याचदा वावड्याची खूण असते. मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आहारावर असलेल्या कुत्र्यासाठी ही कृती आणि प्रमाण आधी त्याच्या डॉक्टरांना दाखवावं. त्यातलं केळं बहुधा तेच काढायला सांगतील, मग भोपळ्यावर भागवता येतं.