सातपायरीच्या घाटात सहा मिनिटांचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं दिसली, तर त्यांतली बरीचशी भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं आणि वेळेवर गुण ठरतात. त्यामुळे धावणं म्हणजे शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटणं, अशी पायांची समजूत होऊन बसते. यांतल्या कुणाला पुढे मॅरेथॉनची ओढ लागली, तर आधी ही समजूत मोडावी लागते. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १६०० मीटरच्या सव्वीसपटीहून जास्त आहे. तिथे पायांत जोर किती, यापेक्षा तो कुठे खर्च केला याला महत्त्व. यालाच धावपटू ‘पेसिंग’ म्हणतात. पण सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने हा पेस मोजावा कशाने, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझं म्हणणं असं, की इथे तो मनगटावरच्या घड्याळापेक्षा श्वासाने मोजावा.

घाईची किंमत मॅरेथॉनने पहिल्याच दिवशी दाखवून दिली होती. १८९६ साली अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत झाली, तेव्हा अंतर ४० किलोमीटरच्या आसपास होतं. फ्रान्सच्या लेर्म्युझिओने सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली आणि ३२ किलोमीटरच्या सुमारास त्याने शर्यत सोडली. मग पुढे आला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक. १५०० मीटर जिंकलेला हा गडी एवढं अंतर कधी धावलाच नव्हता. तोही शेवटापर्यंत पोहोचला नाही. मागून दम राखून आलेला स्पिरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत जिंकला. ज्या टप्प्यावर पहिला माणूस कोलमडला, तिथेच आजही हजारो धावपटूंना ‘वॉल’ लागते, म्हणजे अंगातला जोर एकाएकी संपतो. कारण साधं आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली ऊर्जा ढोबळमानाने दोन हजार कॅलरींची. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी लागतात अडीच हजारांच्या आसपास. उरलेली चरबीतून काढावी लागते, आणि चरबी वेगाने जळत नाही. वेग जितका जास्त, तितका साठ्यावरचा ताण मोठा. किलोमीटरला सहा मिनिटं ही ज्याची खरी गती, तो पहिले दहा किलोमीटर साडेपाच मिनिटांनी धावला तर पाच मिनिटं कमावतो. शेवटचे दहा आठ मिनिटांनी रखडत गेला, तर वीस गमावतो.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे सहा मिनिटं ठरवली की पहिल्यापासून शेवटपर्यंत सहाच. सपाट रस्त्यावर आणि थंड हवेत तो चांगलाच आहे. पण शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. खालची तापीखोऱ्याची काळी सपाटी आणि वर ११०० मीटरहून उंचावरचं पठार. मध्ये सातपायरीचा घाट. सपाटीवर सहा मिनिटांनी जाणारा माणूस घाटातही सहाच मिनिटांवर अडून बसला, तर वेग तोच राहतो, पण श्रम कितीतरी वाढतात. चढावर जे जादा खर्च होतं, ते उतारावर पूर्ण परत मिळत नाही. शिवाय उतार मांड्यांचे स्नायू झिजवतो तो वेगळाच. उन्हाचंही तसंच. अंग तापलं की घामासाठी रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि वेग न वाढवताही हृदयाचे ठोके चढत जातात. पहाटे सहाला सुटलेला साडेचार तासांचा धावपटू साडेदहाला पोहोचतो, म्हणजे त्याचा शेवटचा तिसरा हिस्सा चढत्या उन्हात जातो. खानदेशचं ऊन काय चीज आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. अशा वेळी घड्याळातला आकडा स्थिर ठेवणं म्हणजे शरीरावरचा भार वाढवत नेणं.

आपल्या जवळचंच उदाहरण पाहा. नाशिकमधल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकची महिला मॅरेथॉन सकाळी साडेनऊला, उन्हात सुरू झाली. तिथे तिची वेळ २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद होती. जवळजवळ एकवीस मिनिटांचा फरक. सगळा दोष उन्हाला देता येणार नाही, पण धावपटू तीच असली तरी एकच आकडा सगळीकडे चालत नाही, एवढं तरी यावरून कळतं.

विक्रमवीर तर एकसारख्या गतीनेच धावतात, असा आक्षेप यावर येईल. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ चा विक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ होता. एलियुड किपचोगेने मात्र २०२२ मध्ये बर्लिनला पहिला अर्धा ५९:५१ मध्ये काढला, दुसऱ्यात मंदावला, तरी तेव्हाचा विश्वविक्रम केलाच. म्हणजे घाई नेहमीच बुडवते असंही नाही. पण हे दोन्ही रस्ते सपाट आणि हवा गार. तिथे सारखी गती आणि सारखे श्रम जवळजवळ एकच असतात. सातपुड्यात या दोन गोष्टींची फारकत होते, म्हणूनच गती सांभाळायची की श्रम, अशी निवड करावी लागते, आणि श्रम मोजतो तो श्वास.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. श्वास फसवतो. शर्यतीच्या सकाळी गर्दी, ढोल आणि विश्रांती मिळालेले पाय यांमुळे पहिले दहा किलोमीटर सगळ्यांनाच सोपे वाटतात. भरतीच्या सवयीच्या पोराला तर फारच. हे मान्यच करायला हवं, आणि एवढ्याच टप्प्यावर घड्याळाचं काम आहे. तिथे त्याचा उपयोग चाबकासारखा करू नये, लगामासारखा करावा. लगामाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा त्याची चाल निरखतो. हॉयट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवलं, की घोडा आपल्या मर्जीने चालला किंवा दुडकला, तर प्रत्येक चालीतला कमीत कमी ऊर्जा लागणारा वेगच निवडतो. घोड्याला घड्याळ कुठे असतं? माणसाला ही जाण सरावाने परत मिळवावी लागते. आठवड्याच्या लांब धावेत पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल एवढाच जोर ठेवायचा. चढ लागला की पावलं आखूड करायची, गरज पडली तर सरळ चालायचं. घड्याळ खिशात ठेवायचं आणि किती वेळ लागला असेल याचा अंदाज घरी पोहोचल्यावर ताडून पाहायचा. पहिले काही आठवडे हा अंदाज बराच चुकतो. डोंगरातल्या पाड्यावर डोक्यावर ओझं घेऊन घाट चढणाऱ्या बाईचा असा अंदाज सहसा चुकत नाही. पायथ्याशी ती कधी घाई करत नाही आणि अर्ध्या घाटात कधी बसत नाही. मात्र तिच्या पुढेमागे दोन हजार माणसं धावत नसतात. भरतीतून आलेल्या पोराला शिकायचं आहे ते त्या गर्दीत तिच्यासारखं चढायला.