भाकरी बांधा, कोयनानगरला चला!

मुलांनो, सहल म्हटलं की आधी वर्गणीचा आकडा आठवतो ना? आमच्या वर्गातल्या दोघांनी त्यापायीच नाव दिलं नव्हतं. मग आम्ही बेतच बदलला. लाल एस.टी., घरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कोयनानगर! सगळेच्या सगळे आले.

कराड-चिपळूण रस्त्यावर पाटणच्या पुढे हे गाव लागतं. नेहरू उद्यानातून १०३ मीटर उंचीचं धरण दिसतं. ते पाहून झाडाखाली आमची पंगत बसली. नंतर टपरीवर गरम भजी आणि चहा; खिशाला तेवढाच भार! पावसाळ्यात गेलात तर नवजाजवळचा ओझर्डे धबधबा जरूर बघा. मात्र जळवांपासून पाय सांभाळा आणि निसरड्या दगडांवर चढू नका.

"बाई, या पाण्याखाली काय आहे?" नाव न देणाऱ्यांपैकीच एकाने विचारलं.

"गावं," मी म्हटलं. धरण १९६४ साली पूर्ण झालं. शिवसागर जलाशयासाठी कितीतरी कुटुंबांनी घरं, शेतं, देवळं सोडली. तेच पाणी बोगद्यातून डोंगराखालच्या वीजघरात जातं आणि आपल्याला वीज मिळते. पुढे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. त्यात कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं दगावली. पण गाव पुन्हा उभं राहिलं.

पोरं गप्प झाली. मग कुणी न सांगता त्यांनी आपापले कागद गोळा केले.

आपली सहल स्वस्तात झाली, पण आपल्या घरातल्या दिव्याची खरी किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. तिथे जाल तेव्हा एवढं आठवा.