जाळीआडचे रंग : पाळीव पक्ष्यांचे छायाचित्रण आणि एडिटिंग

पाळीव पक्ष्याचे छायाचित्र काढणे वरवर सोपे वाटते. पक्षी हातभर अंतरावर असतो, उडून जात नाही, आणि उजेडाची वेळ आपल्या सोयीने निवडता येते. तरीही असे बहुतेक फोटो बिघडतात. पक्ष्यावर पिंजऱ्याच्या तारा उमटतात, पिवळ्या पिसांचा एक सपाट डाग होतो, निळा रंग हिरवट दिसतो. पुढे मोबाइलवरच्या एखाद्या फिल्टरने उरलासुरला पक्षीही रंगात बुडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात पक्षी टिपण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी शेवगाव-नेवाशाच्या बाजूला पसरते, तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी दूरवर उभे असतात आणि त्यांच्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते. दुसरीकडे नगर, संगमनेर, श्रीरामपूरसारख्या गावांत गच्चीवर, जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत बजरीगर, कॉकाटील, फिंच, लव्हबर्ड पाळलेले असतात. पत्र्याची शेड, चौकटीवर ठोकलेली जाळी, आत टांगलेली मातीची मडकी, राळ्या-बाजरीची वाटी, चोच घासायला समुद्रफेस, अशी ती मांडणी असते. (बोलीत बजरीगरलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाडसर चोचीचा आफ्रिकी पक्षी आहे.)

या पक्ष्यांचे रंग कसे तयार होतात हे माहीत असले, तर कॅमेरा कुठे चुकतो ते लगेच कळते. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गुल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये तो जिवंत स्थितीत इंग्लंडला नेला. रानातला बजरीगर हिरवा-पिवळाच असतो, बाकीचे रंग पिंजऱ्यातल्या पैदाशीतून आले. त्याच्या पिसातला पिवळा रंग हे रंगद्रव्य आहे आणि पोपटवर्गीय पक्षी ते स्वतःच्या शरीरात बनवतात. नाथसागरावरच्या रोहिताचा गुलाबी रंग मात्र खाण्यातून येतो. निळ्याचे रंगद्रव्य पोपटाच्या पिसात नसतेच. पिसाच्या आतली सूक्ष्म स्पंजासारखी रचना निळा उजेड परत फेकते आणि तिच्यामागचा काळा थर बाकीचा उजेड शोषून घेतो. त्या निळ्यावर पिवळे आले की हिरवा दिसतो. पिवळे गेले की निळा बजरीगर होतो, आणि काळे गेले की लालसर डोळ्यांचा पिवळाधमक पक्षी उरतो, ज्याला पाळणारे ल्युटिनो म्हणतात. मोराच्या गळ्याचा रंग कोन बदलला की बदलतो. बजरीगरचा निळा जवळपास सगळीकडून सारखाच दिसतो, त्यामुळे चमक पकडण्यासाठी कोन शोधत बसावे लागत नाही. इथे सांभाळायचा असतो तो उजेडाचा रंग.

आणि घराघरांतला उजेड सहसा शुद्ध नसतो. नगरकडे उन्हाच्या तडाख्यापासून रोपे वाचवायला जे हिरवे शेडनेट वापरतात, तेच गच्चीवरच्या पिंजऱ्यांवरही टाकलेले असते. पक्ष्यांसाठी ते योग्यच आहे, एप्रिल-मेमध्ये ते काढता कामा नये. पण त्यातून गाळून येणारा उजेड हिरवा असतो. पांढऱ्या बजरीगरच्या छातीवर शेवाळी छटा येते आणि निळ्याचा मोरपंखी होतो. निळी ताडपत्री असेल तर उलटे घडते. त्याहून अवघड म्हणजे मिश्र उजेड. वरून नेटमधला हिरवा आणि बाजूने मोकळ्या आकाशाचा निळसर उजेड आला, की एकाच पक्ष्याची पाठ एका रंगात आणि पोट दुसऱ्या रंगात पडते. असा फोटो एडिटिंगमध्ये पूर्ण सुधारत नाही, कारण एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते. उपाय फोटो काढण्याआधीच करावा लागतो. सकाळी ऊन कोवळे असताना एका बाजूचे नेट तात्पुरते गुंडाळून ठेवायचे आणि तिथे पातळ पांढरी चादर टांगायची. उजेड मऊ होतो, रंग एकसारखा होतो आणि जाळीची सावलीही जाते.

वेळेचेही गणित आहे. नगर साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा डोळा कपाळाच्या सावलीत जातो, पाठ पांढरी पडते. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो आणि दक्षिणेकडच्या पडवीत तिरपा उजेड आत शिरतो. पाळीव पक्ष्यांच्या छायाचित्रणाला या भागात थंडीसारखा हंगाम नाही.

जाळी घालवण्याचे तंत्र जुने आणि भरवशाचे आहे. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) शक्य तितके मोठे ठेवायचे, झूम वाढवायचा आणि पक्षी जाळीपासून जितका मागे बसेल तितका बसू द्यायचा. मग जवळची तार इतकी धूसर होते की दिसतच नाही. अट एकच : लेन्ससमोरची जाळी सावलीत हवी. गॅल्व्हनाइज्ड तारेवर ऊन पडले की ती धूसर होऊनही चकाकते आणि सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा आणते. नव्या जाळीचा छोटा भाग आधीच काळा करून घेणारे लोक आहेत, पण पक्षी जाळी चावतात, म्हणून तो भाग त्यांच्या चोचीच्या आवाक्याबाहेर असावा. ऑटोफोकसला जाळी फार प्रिय. त्याला एकाच बिंदूवर बांधून तो बिंदू डोळ्यावर ठेवावा, किंवा फोकस हाताने करावा. डोळा धारदार नसेल तर बाकी चित्र कितीही चांगले असले तरी ते वाया गेले.

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्यासाठी किमान 1/250 सेकंद. पक्षी शांत दिसला तरी मान झटक्याने हलवतो. पंख फडफडताना 1/1000 किंवा त्याहून जास्त वेग लागतो. एक्स्पोजर थोडे कमीच ठेवलेले बरे, विशेषतः पिवळ्या आणि लाल पक्ष्यांना. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा हे दोन्ही घटक टोकाला गेलेले. एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसत असतानाही हे दोन घटक भरून वाहतात, आणि पिसांचे बारीक तंतू कायमचे नाहीसे होतात. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहावेत.

फ्लॅश वापरू नये. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यावर आदळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि अचानक आलेला झोत त्याला पुरेसा होतो. चोच उघडी टाकून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे, पिसे अंगाशी घट्ट आवळून ताठ बसणे, जाळीला लोंबकळून राहणे ही थांबण्याची चिन्हे आहेत. मडक्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर तिथे लेन्स नेऊच नये. फोटोसाठी मडके उतरवणे हा सरळसरळ अन्याय आहे. कॉकाटीलच्या अंगावरून पांढरी भुकटी सतत झडते आणि ती लेन्सच्या काचेवर बसते, म्हणून पिंजऱ्याजवळ लेन्स बदलू नये.

पक्षी कोणता आहे हेही आधी पाहावे लागते. हिरवा राघू, पहाडी पोपट, मुनिया यांना पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यांचे सुंदर फोटो काढून पसरवणे म्हणजे त्या व्यवहाराला शोभा आणणे. परदेशी पक्ष्यांपैकी जे वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंद 2024 च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. रंगवलेले पक्षी हा आणखी एक प्रकार. आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी कोंबडीची पिल्ले दिसतात, आणि साध्या मुनियाही रंगवून परदेशी म्हणून विकल्या जातात. जवळून काढलेल्या चांगल्या फोटोत ही लबाडी उघडी पडते. रंग पिसांच्या टोकांवर असतो, बुडाशी मूळ रंग दिसतो आणि नखांवरही डाग उतरलेले असतात.

एडिटिंगला सुरुवात निवडीने होते. धूसर डोळ्याचे सगळे फोटो आधी पुसावेत. शक्य असेल तर रॉ फाइल घ्यावी. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. दुरुस्तीला तेवढी जागा मिळते. लाइटरूम विकत घ्यावे लागते, डार्कटेबल आणि गिम्प फुकट आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड पुरते.

नेटखाली टिपलेल्या निळ्या बजरीगरचे उदाहरण घेऊ. पहिले काम व्हाइट बॅलन्स. पिंजऱ्यात त्याच उजेडात आधी एक राखाडी कार्ड धरून फोटो घेतलेला असला तर एका टिचकीत काम होते. नसेल तर समुद्रफेसाचा पांढरा तुकडा किंवा पक्ष्याचा पांढरा चेहरा आधाराला घेता येतो. इथे घाई महागात पडते. बजरीगरच्या चोचीवर, नाकपुड्यांभोवती मऊ त्वचेची पट्टी असते. वयात आलेल्या नराची ती निळी, मादीची फिकट पांढुरकी ते तपकिरी. व्हाइट बॅलन्स थोडा निळ्याकडे झुकला की मादीची फिकट पट्टी निळसर दिसते आणि फोटो पाहणारा तिला नर समजतो. (ल्युटिनो आणि शुभ्र नरांची पट्टी वयात आल्यावरही गुलाबी-जांभळट राहते, हेही लक्षात असावे.) तेव्हा रंग ठीक झाला की नाही याची परीक्षा पाठीवर घेऊ नये, या नाकपट्टीवर घ्यावी.

त्यानंतर धूसर जाळीने आणलेला दुधाळपणा. काळ्याचा बिंदू किंचित खाली ओढला की गळ्यावरचे काळे ठिपके आणि पंखांवरच्या रेघा पुन्हा काळ्या होतात आणि निळा आपोआप भरतो. पुष्कळदा रंग वाढवण्याची गरज इथेच संपते. तरी हवाच असेल तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स थोडा वाढवावा. तो फिक्या रंगांना जास्त उचलतो, आधीच गडद असलेल्यांना कमी. पिसांचे तंतू दिसेनासे होऊ लागले की एक पाऊल मागे यावे. आवाज, म्हणजे दाणेदारपणा, आधी कमी करायचा आणि धार नंतर द्यायची, तीही फक्त डोळा, चोच आणि चेहऱ्याच्या पिसांना. सगळ्या चित्राला धार दिली तर मागची जाळी जागी होते. एचडीआर फिल्टर पक्ष्याभोवती उजळ कडा काढतो. तो टाळलेलाच बरा.

मागच्या भिंतीवरची विष्ठा किंवा धूसर तारेची रेघ क्लोनने पुसायला हरकत नाही. पण चेहऱ्यावरून गेलेली तार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने काढली, तर तिथे कधीच नसलेली पिसे उगवतात. चित्र नीटनेटके दिसते, पण त्या पक्ष्याचे ते राहत नाही. असा फोटो सोडून दुसरा निवडावा. खरे तर बजरीगरच्या रंगांचा एक भाग कॅमेऱ्यात कधी येतच नाही. त्याच्या डोक्यावरची आणि गालावरची काही पिसे अतिनील उजेडात चमकतात, हा उजेड पक्ष्यांना दिसतो, माणसाला नाही, आणि कॅमेऱ्यातली गाळणीही तो अडवते.

तयार चित्र पडद्यासाठी एसआरजीबीमध्ये साठवावे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. दिनदर्शिकेसाठी किंवा अंकासाठी ऑफसेटवर छापायचा असेल तर भडक निळा आणि जांभळा शाईत उतरत नाही, मंद पडतो, हे छपाईआधीच नमुना काढून पाहावे. मूळ फाइल जपून ठेवावी. आणि फोटोखाली जातीचे नाव, गाव, तारीख यांबरोबर ‘पाळीव’ हा शब्द न विसरता लिहावा. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदस्थळावरही पाळीव पक्ष्याला तशी खूण करावी लागते, नाहीतर पिंजऱ्यातला ऑस्ट्रेलियाचा पक्षी नगरच्या माळावर रानात दिसल्याची खोटी नोंद होते.