जमीन विकताय? आधी पावत्यांची पिशवी काढा



शहर वाढत वाढत बांधापर्यंत आले, की जमिनीला गिऱ्हाईक येते. सौदा ठरतो, खरेदीखत होते, पैसे बँकेत जमा होतात. आयकराची आठवण मात्र मागाहून होते. "शेतीला कुठला आलाय कर?" असे आपण म्हणतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण जमीन विकून झालेला नफा ही गोष्ट वेगळी.

आधी जमीन कुठे आहे ते पाहा

खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. पण दहा हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीतली जमीन यातून सुटत नाही. हद्दीबाहेरही अंतर पाहतात. वस्ती एक लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ किलोमीटर आणि त्यापुढे ८ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. या पट्ट्यातली शेतजमीन, तसेच घर किंवा प्लॉट कुठलाही असो, त्याच्या नफ्यावर कर आहे.

कर नफ्यावर, आलेल्या सगळ्या पैशांवर नव्हे

विक्रीच्या किमतीतून तीन रकमा वजा होतात.

१. विक्रीसाठी झालेला खर्च : दलाली, वकिलाची फी, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, विक्रीसाठी करून घेतलेली मोजणी.

२. मूळ किंमत : खरेदीची रक्कम आणि तेव्हा भरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणी फी. जमीन वडिलोपार्जित असेल, तर ज्याने ती विकत घेतली त्याची किंमत धरतात. १ एप्रिल २००१ च्या आधीची जमीन असेल, तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरता येते. मात्र त्या दिवसाचा सरकारी मुद्रांक दर उपलब्ध असेल, तर त्याहून ती जास्त धरता येत नाही.

३. कायमच्या सुधारणेचा खर्च : विहीर, पाइपलाइन, सपाटीकरण, ताली, पक्के कुंपण. २००१ ची किंमत धरली, तर त्यानंतरचाच खर्च चालतो.

बी-बियाणे, खत, वीजबिल, शेतसारा, वर्षाची डागडुजी, पीककर्जाचे व्याज हे यात बसत नाही. भावाबहिणींना प्रेमाने दिलेले पैसेही वजा होत नाहीत.

एक हिशेब पाहू

समजा, वडिलांची जमीन ४० लाखांना विकली. दलाली ४० हजार, वकील व मोजणी २० हजार. २००१ ची किंमत ३ लाख. २०१२ साली विहीर व पाइपलाइनला ४ लाख ४० हजार लागले. एकूण वजावट ८ लाख, नफा ३२ लाख. जमीन दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असेल तर साडेबारा टक्के दराने ४ लाख कर होतो, वर थोडा उपकर.

आता विहिरीचे बिल हरवले, दलाली रोख दिली आणि पावती घेतलीच नाही असे धरा. ४ लाख ८० हजारांची वजावट गेली. म्हणजे कर ६० हजारांनी वाढला! खर्च तर खरोखरच झाला होता, पण तोंडी हिशेब म्हणजे पाण्यावरची रेघ.

२३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीसाठी दुसरीही रीत आहे. महागाईच्या प्रमाणात जुनी किंमत वाढवून घ्यायची आणि नफ्यावर २० टक्के दर लावायचा. दोन्ही हिशेब मांडावेत. कमी येईल तेवढाच कर भरावा.

हे ध्यानात ठेवा

- जुने खरेदीखत, फेरफार, विहिरीची बिले एका पिशवीत ठेवा. सात-बाऱ्यावर विहिरीची नोंद करून घ्या.
- दलालीचे पैसे बँकेतून द्या, पावती घ्या.
- खरेदीखतात किंमत कमी दाखवू नका. सरकारी दर दहा टक्क्यांहून जास्त वर असेल, तर कर सरकारी दरावरच लागतो.
- विक्रीआधीची दोन वर्षे जमीन स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तिच्यात घातलेल्या नफ्यावर सूट मिळते. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नाही, तर ती रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.

इसार घेण्याआधीच जाणत्या कर सल्लागाराला कागद दाखवा. जमीन एकदाच विकली जाते. तिचा हिशेबही एकदाच, पण नीट व्हावा.