तेलाचा थर: चालत्या यंत्राचा आधार

मागच्या व्याख्यानात आपण उपादान कारण आणि निमित्त कारण यांतला फरक पाहिला. माती हे घड्याचं उपादान, कुंभार हे निमित्त. कुंभार निघून गेला तरी घडा राहतो. आज आपण असं उदाहरण घेऊ, की ज्यात निमित्त थांबलं की कार्यही नाहीसं होतं. ते आहे यंत्रातल्या वंगणाचं.

आपली सर्वसाधारण समजूत काय? तेल बुळबुळीत, म्हणून धातूवरून धातू घसरतो. १८८३ साली इंग्लंडमधल्या बीचम टॉवर या अभियंत्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि या समजुतीला धक्का बसला. टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचा अभ्यास करत होते. फिरणारा आस खालून तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग आणि त्यावर भार. तेल सोडण्यासाठी बेअरिंगला वरून भोक पाडलं होतं. पण यंत्र सुरू होताच त्याच भोकातून तेल वर यायला लागलं! बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग दाबमापक लावला. भाराचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास, आणि तेलाचा दाब २०० च्याही वर! म्हणजे तेल नुसतं मध्ये पसरलेलं नव्हतं. ते सगळा भार पेलत होतं.

हे कसं घडतं, याचं गणित १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडलं. भारामुळे आस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर राहत नाही, थोडा एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद, पाचरीसारखी. तेल आसाला चिकटतं आणि त्याच्याबरोबर अरुंद भागाकडे ओढलं जातं. तिथे जागा कमी, म्हणून दाब वाढतो आणि धातू धातूपासून अलग राहतो. हा थर बहुधा केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, बरं का!

तर तीन गोष्टी हव्यात: तेलाचा दाटपणा, निमुळती फट आणि गती. तेल फार तापलं की पातळ होतं, थर खंगतो. आणि गती थांबली की दाब संपतो, धातू धातूवर टेकतो. म्हणून सुरू होताना आणि थांबताना बेअरिंगची झीज अधिक होते. वीजकेंद्रातल्या मोठ्या टर्बाइनचा अवजड रोटर फिरवण्याआधी पंपाने दाबाखाली तेल सोडून तो उचलून धरतात, ते याचसाठी. आपण गाडी सुरू केल्या केल्या इंजिन जोरात रेटू नये, यामागेही हेच आहे: तेल सगळीकडे पोचायला आणि थर जमायला जरा अवधी लागतो.

आधार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खांब येतो, स्थिर असलेला. इथे मात्र आधार गतीतूनच निर्माण होतो आणि गती आहे तोवरच टिकतो. तेल हे उपादान तिथेच असतं. पण निमित्त थांबलं, की ते भार पेलत नाही.