टाके कोण काढणार?

नांदेड-लातूरच्या माणसाला उपचारासाठी मुलूख सोडणे नवे नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता; दुखणे हाताबाहेर गेले की हैदराबादची गाडी धरायची, ही सवय जुनीच. पुढे पुणे-मुंबईही जवळ आली. आता मात्र या गाड्यांमध्ये एक वेगळा प्रवासी आहे. त्याला आजार कसलाच नाही. कुणाला टकलावर केस लावून घ्यायचे आहेत, कुणाला नाकाचा आकार बदलायचा आहे, कुणाला बाळंतपणानंतर सुटलेले पोट कमी करायचे आहे. ऐपत असेल तर चौकशी इस्तंबूल आणि बँकॉकपर्यंत पोहोचते. आजारी माणसाला निदान एखादा डॉक्टर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतो. हा प्रवासी शहरही स्वतःच ठरवतो आणि सर्जनही, बहुतेक वेळा मोबाइलवरची जाहिरात पाहून. त्याच्या सगळ्या चौकशीचा रोख शस्त्रक्रियेच्या दिवसावर असतो: खर्च किती, दुखेल का, सुट्टी कधी मिळेल. माझे म्हणणे असे, की परगावचा किंवा परदेशातला सर्जन निवडताना सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. घरी परतल्यावर जखम कोण पाहणार, टाके कोण काढणार आणि काही बिघडले तर जबाबदारी कुणाची, हे आधी विचारावे. त्या सर्जनची पदवी, त्याचे नाव, त्याचा दर हे सगळे महत्त्वाचे आहे, पण या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर.

हा आग्रह धरायचे कारण शरीराच्याच चालीत आहे. सौंदर्यशस्त्रक्रिया काही तासांत उरकते, पण तिचा निकाल काही तासांत लागत नाही. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकते. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याचदा गळून जातात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि खरे रूप दिसायला नऊ महिने ते वर्ष जाते. चरबी काढल्यानंतर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आणि ती फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका रुग्ण टेबलावरून उतरला म्हणून संपत नाही. जंतुसंसर्ग तर अनेकदा घरी आल्यावरच कळतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध केला. २००९ ते २०२२ या काळात डॉमिनिकन रिपब्लिक या शेजारच्या, स्वस्त देशात सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेले ९३ अमेरिकी नागरिक दगावले. त्यातल्या ज्या मृत्यूंचा शवविच्छेदनासह बारकाईने अभ्यास झाला, त्यांत बहुसंख्य बळी चरबीच्या कणांनी किंवा रक्ताच्या गुठळीने घेतले होते. म्हणूनच ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते, की चरबी काढल्यावर पाच ते सात दिवस आणि पोट किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानात बसू नये. पाय न हलवता तासन्‌तास बसून राहणे हा गुठळीचा धोका वाढवणारा भाग आहे आणि तो हैदराबादहून नांदेडला येणाऱ्या गाडीतही चुकत नाही. दोन रात्रींचे पॅकेज विकणारे केंद्र हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

निकाल काळाने लागतो, हे जगाने एकदा पुण्याकडूनच शिकून घेतले होते. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठी गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ एका वीटकरी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि सोबत चित्रकार जेम्स वेल्स यांनी काढलेले कावसजीचे चित्र होते. ते चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेले होते. जोसेफ कार्पू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच पद्धत वापरली. कावसजीची कातडी जगली आणि नाक टिकले, हे दाखवणारा पुरावा दहा महिन्यांनंतरचा होता. आजच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे असतात, पण ‘नंतर’ म्हणजे किती दिवसांनी, हे क्वचितच लिहिलेले असते. वर्षभरानंतरची छायाचित्रे मागणे हा रुग्णाचा साधा हक्क आहे. प्रामाणिक सर्जनला अशी मागणी खटकत नाही.

पाठपुराव्याचे मोल समजायला लातूरबाहेर जायचीही गरज नाही. लातुरात प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेच्या मदतीने दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या मुलांवर वर्षानुवर्षे मोफत शस्त्रक्रिया केल्या. अशा मुलाचा ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात, टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या आसपास. पुढे उच्चार सुधारण्यासाठी वाचाउपचार, दातांची रचना, गरज पडली तर हिरडीत हाड भरणे, अशी ही साखळी मूल शाळेत गेल्यावरही चालू असते. आईबाप मोलमजुरी करणारे असतील तर दर वेळी मुंबई गाठणे त्यांना परवडत नाही आणि मधली एक कडी तुटली की आधीची मेहनत वाया जाते. हे काम जिल्ह्याच्या गावात उभे राहिले, म्हणून ती मुले पुन्हा पुन्हा येऊ शकली. केस लावण्याची किंवा चरबी काढण्याची शस्त्रक्रिया इतकी लांबत नाही हे खरे, पण जखमेला जवळचा डॉक्टर लागतो हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

यावर पहिला आक्षेप येईल, की मोठ्या शहरात कौशल्य जास्त असते. ते मला मान्य आहे. एकच शस्त्रक्रिया सतत करणाऱ्या हाताला सफाई येते आणि बिघडलेले नाक पुन्हा दुरुस्त करण्यासारखे अवघड काम अनुभवी माणसाकडेच न्यावे. पण शहर मोठे म्हणजे सर्जन शिकलेला, असे मुळीच नाही. प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमएस आणि त्यानंतर तीन वर्षे एम.सीएच. किंवा डीएनबी असा रस्ता आहे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी मात्र हे शिक्षण न घेतलेले डॉक्टरही लावताना दिसतात. त्या नावाची स्वतंत्र मान्यताप्राप्त पदवी आपल्याकडे नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाच्या डोक्यावर एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसांची मुळे लावली गेली आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. ही घटना देशाच्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एकात घडली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून केस लावणे शिकता येत नाही. त्यासाठी प्लास्टिक सर्जरीचे किंवा त्वचारोगशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण हवे. जबड्याच्या शस्त्रक्रियेत तज्ज्ञ असलेल्या दंतवैद्यांनाही हे अधिकार असावेत, असे दंतवैद्यक परिषदेचे म्हणणे आहे आणि तो वाद मिटलेला नाही. रुग्णाने एवढे करावे: सर्जनचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, तो वैद्यकीय परिषदेच्या यादीत तपासावा आणि भूल देणारा वेगळा तज्ज्ञ असणार का, हे विचारावे. नीटच्या निकालाने ज्या लातूरचे नाव देशभर झाले, तिथे जवळपास प्रत्येक घराच्या ओळखीत एखादा डॉक्टर निघतो. पैसे भरण्याआधी त्याला एक फोन करायला संकोच कसला?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही. गावात कळले तर लोक काय म्हणतील? नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये दवाखान्याच्या पायरीवर ओळखीचे कुणीतरी भेटणारच. लग्नाच्या वयाच्या मुलीने नाकाची शस्त्रक्रिया केली, ही बातमी घरच्यांना नको असते. ही भीती मी हलकी मानत नाही. स्वतःच्या शरीराविषयी काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरवणे ज्याचे त्याचे आहे. पण लपवण्याची खरी किंमत चौथ्या-पाचव्या दिवशी मोजावी लागते. ताप येतो, पोटरी दुखते, धाप लागते आणि रुग्ण गावातल्या डॉक्टरला शस्त्रक्रियेचे सांगतच नाही. डॉक्टर साध्या तापाचे औषध देतो आणि मोलाचे तास निघून जातात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. म्हणून जाण्यापूर्वीच घरातल्या एका विश्वासू माणसाला आणि गावातल्या एका डॉक्टरला सगळे खरे सांगून ठेवावे. व्हिडिओवरून तपासणी होते, मग अडचण काय, असेही विचारले जाते. दूरवैद्यकाला २०२० पासून आपल्याकडे रीतसर नियम आहेत आणि प्रश्न विचारण्यापुरते ते उपयोगीही आहे. पण कातडी गरम आहे का, आत पाणी साचले आहे का, हे बोटांनाच कळते.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे परगाव व परदेश यांत मोठा फरक पडतो. पैसे भरून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिली. म्हणजे हैदराबादच्या सर्जनविरुद्ध नांदेडच्या आयोगात जाता येते. इस्तंबूलच्या सर्जनविरुद्ध मात्र प्रत्यक्षात त्या देशात, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या कायद्याने लढावे लागते. स्वस्त पॅकेजच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळी सुट्टीत पुण्यात येऊन अशी शस्त्रक्रिया उरकतात आणि लगेच लांबच्या विमानात बसतात. त्यांनाही हाच हिशेब उलट्या दिशेने लागू आहे. आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया साधारणपणे वगळलेली असते, त्यामुळे गुंतागुंत झाली तर तो खर्चही खिशातूनच जाण्याची शक्यता धरावी. रोख द्या, बिल नको, असे कुणी म्हणाले तर तिथूनच परत फिरावे. बिल नसेल तर पुढे कुठल्याही आयोगासमोर दाखवायला हातात काही उरत नाही.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सर्जनकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नांदेड किंवा लातुरात कोणता डॉक्टर जखम पाहील, दुरुस्तीची वेळ आली तर खर्च कुणाचा, आणि रात्री फोन कोण उचलेल. परतताना शस्त्रक्रियेचा तपशील, दिलेल्या औषधांची यादी आणि बिल सोबत आणा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ही कागदपत्रे किमान तेवढा काळ जपून ठेवा.